गळ आणि कॅमेरा एकाच काठावर

गोड्या पाण्यातील हौशी मासेमारी आणि निसर्गछायाचित्रण या दोन्ही छंदांना पाणी, पहाट आणि संयम लागतो, म्हणून ते एकाच सहलीत सहज सामावतील असा समज रूढ आहे. भाद्रपद सरून आश्विन लागताना सह्याद्रीच्या पूर्व बाजूच्या धरणांच्या फुगवट्यावर, म्हणजे बांधामागे तुंबून खोऱ्यांत पसरलेल्या पाण्याच्या काठी, निघणाऱ्या जोडसहली याच समजावर विकल्या जातात. हा समज चुकीचा आहे, असे येथे अनुभवाच्या आधारे मांडायचे आहे. दोन्ही छंदांना एकच तास हवा असला तरी त्या तासाकडून त्यांच्या अपेक्षा परस्परविरोधी असतात, आणि हा विरोध काठावर पोहोचण्यापूर्वी मिटवला नाही तर त्याचा भार सर्वप्रथम माशावर पडतो.

या ऋतूचे आकर्षण खोटे नाही. पावसाने हवेतील धूळ धुऊन निघालेली असते, पहाटे पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो, उतारांवर तेरडा आणि सोनकी फुललेली असते, उत्तरेकडून येणारे धोबी पक्षी काठावर शेपटी हलवत फिरू लागतात आणि कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबून सूर मारतो. याच काळात धरण भरलेले असते आणि काठालगतच्या बुडालेल्या गवतात मासे चरायला येतात. त्यांपैकी गळवाल्यांना सर्वाधिक मोह पडतो तो दख्खनी महसीराचा. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, त्याच्या संवर्धनासाठी लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने पैदास केंद्र चालवले, आणि महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात तर माशांना देवाचे मानून कोणी हात लावत नाही. महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतो, त्यामुळे पाऊस ओसरताना गळाला लागणारा मोठा मासा अनेकदा विणीच्या श्रमातून नुकताच सावरत असतो, ही गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकांत कधी आढळत नाही.

विरोधाची सुरुवात सूर्यापासून होते. छायाचित्रकाराला सामान्यतः सूर्य पाठीशी हवा असतो, तर गळ टाकणाऱ्याला तो समोर हवा असतो, कारण सूर्य पाठीशी असला की माणसाची सावली पाण्यावर पडते आणि उथळ पाण्यातला मासा त्या हलत्या सावलीने दूर जातो. दोघे शेजारी उभे राहिले की एकाची जागा चुकलेलीच असते. पाण्यावरची चकाकी कापणारी ध्रुवक गाळणी, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारी काच, हा त्यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. परंतु दृष्टिरेषा पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते तेव्हाच ही गाळणी सर्वाधिक परिणामकारक ठरते, आणि ती दीड ते दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून अधिक, प्रकाशही खाते, म्हणून धीवराच्या सुरासाठी १/२००० सेकंदाचा वेग हवा असताना पहाटेच्या मंद उजेडात तिचा उपयोग नाही.

प्रस्तुत लेखक ज्या सहलीत सहभागी झाला होता, तिच्या आयोजकाने दोन्ही छंदांची पूर्ण सोय आणि सर्व परवाने असल्याचे आश्वासन दिले होते. पहिल्याच सकाळी सातच्या सुमारास आयोजकाच्या गळाला हाताच्या लांबीएवढा महसीर लागला आणि बराच वेळ झुंजवून तो काठावर आणला गेला. लेखकाने अकरा छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्यातील नोंदीनुसार पहिल्या आणि अकराव्या छायाचित्रात १९ सेकंदांचे अंतर आहे. त्यानंतर त्याने कॅमेरा खाली घेतला आणि "आता सोडा त्याला" असे दोनदा म्हटले. आयोजकाने मात्र मासा आधी एका हातात, मग दोन्ही हातांत, मग कल्ल्यात बोटे घालून उभा धरला, सहलीच्या नावाची टोपी बदलून घेतली आणि सोबत्यांकडून मोबाइलवर आणखी छायाचित्रे काढवली. शेवटच्या मोबाइल छायाचित्रावरील वेळ पहिल्या छायाचित्रानंतर चार मिनिटांहून अधिक आहे. नंतर मासा पाण्यात ढकलला गेला, तो खाली गेला, आणि टाळ्या वाजल्या.

दहाच्या सुमारास लेखक पलीकडच्या खडकावर बसलेल्या ब्राह्मणी घारीवर ६०० मिलिमीटरचे भिंग रोखून बसला होता. घार उडाली आणि तिच्यामागे भिंग वळवताना बुडालेल्या गवताच्या कडेला काहीतरी पांढरे तरंगताना दिसले. भिंग स्थिर केल्यावर ते पोट असल्याचे कळले. शेपटीच्या वरच्या पात्याला टोकाशी एक चीर होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सकाळची छायाचित्रे मागे नेऊन पाहिली तेव्हा तिसऱ्या छायाचित्रात तीच चीर त्याच जागी होती. त्या क्षणी लेखकाला जे उमगले ते माशाच्या मृत्यूपुरते मर्यादित नव्हते. मासा खाली जाताना जे पोहणे वाटले होते ते निव्वळ बुडणे होते, आणि सकाळपासून ज्या दृश्याचा आनंद मानला गेला त्यात कॅमेऱ्याची उपस्थिती हेच मासा बाहेर ठेवण्याचे कारण होते.

मासा पाण्याबाहेर आला की कल्ल्यांतील नाजूक पाती एकमेकांना चिकटतात आणि श्वसन थांबते. झुंजीने थकलेल्या माशाला प्राणवायूची गरज नेमकी त्याच वेळी सर्वाधिक असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात, थकवलेल्या रेनबो ट्राउट माशांपैकी पाण्याबाहेर न काढलेल्यांत १२ टक्के, ३० सेकंद बाहेर ठेवलेल्यांत ३८ टक्के आणि ६० सेकंद बाहेर ठेवलेल्यांत ७२ टक्के मासे पुढील बारा तासांत मेले. ट्राउट हा थंड पाण्यातील मासा असल्याने हे आकडे महसीराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, परंतु ऑक्टोबरच्या उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो हे लक्षात घेता चार मिनिटांचा बचाव करता येत नाही.

आयोजकाने तो केला. "फोटोवाल्यांनीच वेळ लावला," असे त्याने सर्वांसमोर सांगितले आणि वेळेच्या नोंदी दाखवताच विषय बदलला. दुपारी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेचे दोन सभासद होडीतून आले आणि "साहेब, हे पाणी आमच्या संस्थेनं ठेक्यानं घेतलंय, तुम्ही कुणाला विचारलंत?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आयोजक गाडीत जाऊन बसला आणि उत्तर देण्याची वेळ पैसे भरून आलेल्यांवर आली. त्या दोघांनी आवाज न चढवता मेलेला मासा पाहिला आणि एवढा मासा त्यांनीही या वर्षी पाहिला नव्हता असे सांगितले. त्यांची नाराजी रास्त होती, आणि तिला सामोरे जाणे ज्याचे काम होते त्याच्यात ते धैर्य नव्हते, हे आजही क्षम्य वाटत नाही.

म्हणून अशा सहलीला जाणाऱ्याने परवान्याचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. महाराष्ट्रातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, म्हणून त्या संस्थेची संमती विचारावी. आणि कोयनेच्या शिवसागरासारखे पाणी अभयारण्यात येत असल्यास १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, तेथे गळ गाडीतच ठेवावा. पहाटेचे पहिले दोन तास कोणत्या छंदाचे हे आदल्या रात्री ठरवावे, आणि एका काठावर एकच छंद चालू द्यावा. माशाचे छायाचित्र घ्यायचेच असेल तर कॅमेऱ्याची सर्व जुळवणी झुंज चालू असतानाच करून ठेवावी, मासा जाळीत, पाण्यातच असू द्यावा, ओल्या हातांनी धरून एकदाच वर उचलावा, आणि उचलणाऱ्याने स्वतः श्वास रोखून धरावा. त्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा खाली गेलाच पाहिजे. गळाच्या काट्याचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केल्यास तो चटकन निघतो. हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि कार्बन तंतूंची काठी विजेची वाहक असते, म्हणून पहिल्या गडगडाटाला ती आडवी ठेवून तिच्यापासून दूर जावे. वातानुकूलित गाडीतून काढलेले भिंग दमट हवेत धुरकटते, तेव्हा पिशवी अर्धा तास बंदच ठेवावी. तुटलेला नायलॉनचा धागा काठावर टाकू नये, त्यात पाणकावळे आणि बगळे अडकतात. पिण्याचे पाणी, टोपी आणि सुकामेवा सोबत असावा.

छायाचित्रे कोणालाही देण्यापूर्वी त्यांच्या वापराची अट लेखी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेले नसेल तर छायाचित्राचा पहिला मालक छायाचित्रकारच असतो. लेखकाने मोबदला घेतला नव्हता, उलट सहलीचे शुल्क भरले होते, आणि मासा मेल्याचे कळण्यापूर्वी सकाळीच आठवण म्हणून त्याचे एक छायाचित्र आयोजकाला पाठवले होते. तेच छायाचित्र, छायाचित्रकाराच्या नावाविना, पुढील वर्षीच्या सहलीच्या जाहिरातीत आले आणि त्याखाली मासा सुखरूप पाण्यात सोडल्याचे लिहिले होते. ते वाक्य काढावे अशी लेखी विनंती दोनदा करण्यात आली. तिला उत्तर आलेले नाही, आणि या भाद्रपदातही जाहिरात त्याच वाक्यासह फिरत आहे.