दुसऱ्यांदा काय वाचलं?

मूल वाचत नाही म्हणून काळजी करणारे आईबाप मला शाळेच्या ग्रंथालयात कायम भेटायचे. तुझं उलटं आहे. चौथीतली पोर जेवताना, रिक्षात, अगदी आंघोळीला हाका मारल्या तरी पुस्तकातून मान वर काढत नाही, आणि पुढं काय द्यायचं हा तुला प्रश्न. अगं, अशा पोरीसाठी पुस्तक निवडणं जास्त अवघड असतं. न वाचणाऱ्याला एखादं पुस्तक लागू पडलं तरी गाडी सुरू होते. हिला सारखं नवं लागतं, आणि त्या घाईत आपण दुकानात समोर दिसेल ते उचलतो.

म्हणून आधी एवढं ऐक. तिने काय काय वाचलं त्याची यादी करू नकोस. दुसऱ्यांदा काय वाचलं ते बघ. पहिल्यांदा अशी मुलं काहीही वाचतात, भेळेचा कागदसुद्धा. परत काढलेलं पुस्तक मात्र तिची आवड सांगतं. तिथंही थांबू नकोस. ते पुस्तक टेबलावर उभं धरून सोड. आपोआप कुठे उघडतं, कोणत्या पानाचा कोपरा मळलाय, कुठे खाकऱ्याचा चुरा अडकलाय, ते बघ. त्या पानावर काय चाललंय, त्यावरून पुढचं पुस्तक ठरव.

फास्टर फेणेच घे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश प्रत्येक मुलाला वेगळ्या कारणाने आवडतो. पाठलाग आणि शोध लागण्याची पानं मळली असतील, तर सत्यजित राय यांचा फेलूदा दे. अशोक जैनांनी तो मराठीत छान आणलाय. मित्रांची थट्टामस्करी असलेली पानं मळली असतील, तर रहस्यकथा देऊन उपयोग नाही. तिथे ना. धों. ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी, किंवा दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. आणि बन्या युक्ती कशी लढवतो यातच ती रमत असेल, तर भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न काढ. पुढे दोन वर्षांनी जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. दुकानात वय विचारून कप्पा दाखवतात. वय बघून फ्रॉक घ्यावा. पुस्तकाला ते पुरत नाही.

पण वय अगदीच सोडू नकोस. भराभर वाचणाऱ्या मुलांना आपण कौतुकाच्या भरात मोठ्यांची पुस्तकं फार लवकर देतो. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ चौथीतली मुलगी वाचून काढेल. आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे राहणाऱ्या लंपनच्या गमती तिला कळतील, हसेलही. पण त्याच्या पोटात जे एकटं एकटं तुटतं ते तिच्यापर्यंत पोचायला बारा-तेरावं वर्ष लागतं. आधीच हातात पडलं तर ‘हे झालंय माझं’ म्हणून ते कायमचं मागे पडतं, आणि तो तोटा मोठा. शांताबाई शेळक्यांचं ‘चौघीजणी’ही थोडं थांबू दे. मात्र तिने स्वतः कपाटातून काही काढून वाचायला घेतलं, तर हातातून ओढून घेऊ नकोस. झेपलं नाही तर ती आपणच ठेवून देईल, आणि अर्धवट सोडल्याबद्दल बोलायचं नाही.

आता आपल्या माजिवड्याचं. इथल्या टॉवरांतली बरीच पोरं इंग्रजी माध्यमातली, तुझीही. जाडजूड इंग्रजी पुस्तक दोन दिवसांत संपवते आणि मराठीचं एक पान वाचताना जोडाक्षराला अडते, दमते. मग आपण तिला मोठ्या टायपातलं चिऊकाऊचं पुस्तक देतो. तिला तो अपमान वाटतो आणि ‘मराठी म्हणजे बाळांचं’ हे डोक्यात बसतं. तसं करू नकोस. गोष्ट तिच्या बुद्धीच्या तोलाचीच घे आणि पहिलं प्रकरण तू मोठ्यानं वाच. अगदी रंगात आलं की कुकर लावायला ऊठ आणि पुस्तक तिथंच उघडं ठेव. जी. एं.चं ‘बखर बिम्मची’ असं वाचायला फार गोड आहे. विंदांच्या कविता तर मोठ्यानं म्हणायच्याच. ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’ यांत यमकाच्या ओढीनं जोडाक्षरं आपोआप सुटतात. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’चे बाल गट आणि कुमार गट असे दोन-दोन भाग आहेत, त्यांत वेगवेगळ्या लेखकांचे छोटे उतारे आणि सुरेख चित्रं आहेत. त्यातला कोणता उतारा तिला आवडला ते कळलं की त्या लेखकाचं अख्खं पुस्तक शोधायचं. शिवाय बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहेच. ते 1971 पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. पण हातात अंक असण्याची मजा वेगळी, तेव्हा वर्गणी भर.

अनुवाद घेताना मधलं कुठलंही पान काढ आणि दुकानातच पुटपुटत वाच. ‘तो त्याच्या खुर्चीत बसला आणि त्याने त्याचा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला’ असलं काही आलं की पुस्तक मिटून परत ठेव, लेखक कितीही थोर असला तरी. रोज वाचणाऱ्या मुलाच्या कानात तीच भाषा मुरते.

एवढी पुस्तकं विकत घेणं कुणाला परवडणार? आपण तर नशीबवान. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांतले. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर त्याच्याही आधीचं, 1864 चं. तुझी नणंद डोंबिवलीला असते ना, तिकडे पै फ्रेंड्स लायब्ररी आहे. सुट्टीत पोर आत्याकडे गेली की तिथे घेऊन जायला सांग. माजिवडा नाक्यावरून स्टेशनकडे जायला ट्रॅफिकमुळे जीव जातो हे मला माहीत आहे, तरी ऑनलाइन मागवण्यापेक्षा पोरीला घेऊन जा. कपाटापाशी तिला एकटीला सोड आणि तू दुसरीकडे मासिक चाळत बस. एक पुस्तक तिच्या पसंतीचं, एक तुझ्या. तिने भुताखेताचं उचललं तरी कपाळाला आठी नको. विकत घ्यायचं ते फक्त वाचनालयातून परत परत आणलेलं. ते घरात राहणार, पुढे धाकट्याला होणार, तेव्हा बांधणी बघ. पिनांचं नको, शिवलेलं घे.

वाचून झालं की तात्पर्य विचारू नकोस. ‘काय शिकलीस?’ हा प्रश्न आला की मूल पुढच्या वेळी पुस्तक लपवून वाचतं नाहीतर वाचतच नाही. त्यापेक्षा तू स्वतः ते वाच आणि तुला कोण आवडलं ते सांग. ती भांडायला लागली तर उत्तम, भांडू दे.

या आठवड्यात तिच्या कपाटातली मळलेली पुस्तकं वेगळी काढ आणि त्यांची नावं मला लिहून आण. पोरीला विचारून नव्हे, पानं बघून. मग दोघी बसून पुढची तीन-चार ठरवू, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीआधी वाचनालयाचं कार्ड तिच्या नावाने काढून होईल.