महाविद्यालयीन शिष्यवृत्ती : अर्ज करावा की न करावा?

बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांतून एक वाद सुरू होतो. मुलाला पुढे शिकवावयाचे, हे ठरलेले असते; परंतु शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा किंवा कसे, याविषयी एकमत होत नाही. ‘आपण काही इतके गरीब नाही,’ असे वडीलमंडळी म्हणतात आणि पात्रतेचे नियम न पाहताच विषय संपतो.

वास्तविक शिष्यवृत्ती ही भीकही नव्हे आणि कर्जही नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तिच्या आधारे अनेक पिढ्या पदवीपर्यंत पोहोचल्या. या शिष्यवृत्तीसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असले की दार बंद झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. अशा विद्यार्थ्यांना निर्वाहभत्ता मिळत नसला, तरी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची स्वतंत्र योजना आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत तर ही मर्यादा आठ लाखांची आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमास केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून निम्म्याऐवजी संपूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्काचा लाभ देण्यात आला. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास मात्र तो नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच चौकशी करणे श्रेयस्कर.

त्या वर्षी तालुक्याच्या एका मेळाव्यात प्रस्तुत लेखकास एक शेतकरी भेटले. मुलीस अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला होता. लोक काय म्हणतील, या संकोचाने त्यांनी अर्ज केला नव्हता आणि शुल्कासाठी दुभती म्हैस विकण्याची बोलणी चालली होती. अर्जाची मुदत संपावयास आठ दिवस उरले होते. शाळेतील एका शिक्षकांनी पुढाकार घेतला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सहाव्या दिवशी हाती पडला आणि म्हैस गोठ्यातच राहिली.

अर्जासाठी खेपा पडतात, रोजगार बुडतो, ही तक्रार खोटी नाही. परंतु दोन-तीन दिवसांची मजुरी एका पारड्यात आणि वर्षाचे शुल्क दुसऱ्या पारड्यात घालून पाहावे. रक्कम प्रवेशाच्या दिवशी हाती येत नाही, हेही घरी सांगावयास हवे; खोलीभाडे व खाणावळीची तरतूद आधीच करावी लागते.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचा असतो आणि रोख लाभाची रक्कम आधारशी संलग्न बँक खात्यात जमा होते. खाते संलग्न नसल्याने मंजूर रक्कमही अडकून पडते. ग्रामसभेत एकदा दाखल्यांची यादी वाचून दाखविली, तर पालकांच्या निम्म्या खेपा वाचतील. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करावा लागतो, हे पहिल्याच वर्षी सांगून ठेवावे. पुष्कळ विद्यार्थी तेथेच चुकतात.