बाटलीतलं पेट्रोल

चि. सलीम यास,


दुकानात पेट्रोलच्या बाटल्या ठेवून लिटरमागे दहा रुपये वर घेतले तर हलाल की हराम, एवढंच तू विचारलंस. दहा रुपयांची काळजी सोड. पंपापासून वाडीपर्यंत खेप तुझी, वेळ तुझा. भाव आधी सांगितलास आणि गिऱ्हाइकाने खुशीने दिला, तर शरीयत आड येत नाही. मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी मागूनही पैगंबरांनी (स.) भाव बांधून दिले नव्हते.

घोडं अडतं ते मापाशी. कुराणातली 83वी सूरा सुरूच होते मापात पाप करणाऱ्यांपासून. तुझ्याकडच्या थंड्याच्या रिकाम्या बाटल्या 750 मिलीच्या. ‘एक बाटली’ म्हणून विकलीस तरी घेणारा मनात लिटरच धरणार. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, कुणीही मागून खात्री करावी. तुझ्याकडे काय आहे?

जहाजावर असताना इंडोनेशियात हा धंदा पाहिलाय. तिथले मुसलमानही आपल्यासारखे शाफई पंथाचे. गावोगाव रस्त्याकडेला फळीवर पेट्रोलच्या बाटल्या. बालीत तर चक्क व्होडकाच्या! पुढे ‘पर्तामिनी’ नावाचे छोटे पंप निघाले. नाव सरकारी पर्तामिना कंपनीवर बेतलेलं, पण पंप तिचे नव्हेत. काट्यावर आकडा दिसतो, तो सरकारी मापाला लावून पाहिलाय की नाही, देव जाणे. तिथली फिकह म्हणजे धर्मकायदा शिकणारी पोरं यावरच प्रबंध लिहितात. शेवटी 2020 मध्ये कंपनीनेच गावांसाठी ‘पर्ताशॉप’ काढली.

आपल्याकडे 1934 चा पेट्रोलियम कायदा आहे. त्यात 30 लिटरपर्यंत पेट्रोल बिनपरवाना ठेवता येतं, पण विकायचं नसेल तरच. विकायला एक बाटलीही चालत नाही. तीस लिटरसुद्धा काच, चिनीमाती नाहीतर धातूच्याच भांड्यात, घट्ट बुचाच्या. तुझ्या प्लास्टिकच्या बाटल्या तिथेच बाद. देशात राहायचं तर त्याचा कायदा पाळायचा, हा करारच आहे. आणि करार मोडणं दीनला मंजूर नाही.

कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. दुकानाच्या भिंतीपलीकडे आपाची चूल आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड, जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जाते.

त्यापेक्षा पंक्चरचं सामान आणि ऑइलचे सीलबंद डबे ठेव. भांडवल कमी पडलं तर व्याजाने काढू नकोस, मला कळव. बकरी ईदला येतोच आहे.

तुझा,
मामू