पटरच्या वजनाला हात लावण्याआधी

पोरी, गोल्फचा नवा पटर घ्यायची घाई करू नकोस. हातातल्या पटरचं वजन तुझ्या हाताला जुळवून बघ, मग ठरव.

पहिलं काम, चुका लिहून काढ. वीस-तीस फुटांवरून पट मार आणि चेंडू कुठे थांबतो ते वहीत टिप. कधी आखूड, कधी लांब जात असेल तर एकूण वजनाचा विचार कर. अंतर बरोबर येतंय पण चेंडू एकाच बाजूला सुटतोय, तर आधी नेम तपास, मग तोल बघ.

तोल बघायला शाफ्ट बोटावर आडवा ठेव. फेस आकाशाकडे राहिला तर पटर फेस-बॅलन्स्ड. टो, म्हणजे हेडचं शाफ्टपासून दूरचं टोक, खाली झुकला तर टो-हँग. सरळ मागेपुढे जाणाऱ्या हाताला बहुधा पहिला मानवतो, कमानीत फिरणाऱ्याला दुसरा. हा स्वभाव पटरच्या घडणीतच असतो, चार ग्रॅम शिशाने तो पालटत नाही.

आता स्वीट स्पॉट. ग्रिप दोन बोटांत सैल धरून पटर लोंबू दे आणि फेसवर पेन्सिलीने टकटक कर. जिथे हेड न पिळता सरळ मागे जातं, ती जागा. कंपनीने आखलेली रेघ तिथेच असेल असं धरून चालू नकोस.

हेड जड करायचं तर शिशाची चिकटपट्टी वापर. अर्धा इंच रुंद, चार इंच लांब तुकडा साधारण 2 ग्रॅमचा भरतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून घे. तेवढ्याने स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड भासतं त्याचं माप, सुमारे एक अंक वाढतं. पट्टी तळाला, स्वीट स्पॉटच्या रेषेत लाव. नुसती टोकडे लावलीस तर स्वीट स्पॉटही तिकडे सरकेल. हील (शाफ्टकडचं टोक) आणि टोला सारखी वाटलीस तर चेंडू मध्यावर बसला नाही तरी हेड कमी पिळतं. कार्स्टन सोल्हाइम यांनी 1966 मध्ये पिंग अँसर घडवला तो याच तत्त्वावर. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धू.

शाफ्ट कापायचा असेल तर हिशेब आधी कर. अर्धा इंच कमी झाला की स्विंगवेट साधारण तीन अंकांनी उतरतं, म्हणजे हेडवर 6 ग्रॅम परत द्यावे लागतात. उलट, हेड हाताला ओढ देतंय असं वाटलं तर ग्रिपच्या टोकाला वजन घाल. एकूण वजन वाढेल, तरी हेड हलकं भासेल.

आपल्याकडे पावसाळ्यात ग्रीन ओलं आणि मंद असतं. तेव्हा थोडं जड हेड चेंडू भोकापर्यंत न्यायला मदत करतं. पण हे सगळं फेरी सुरू होण्याआधी. फेरीत मुद्दाम वजन बदलून त्या पटरने फटका मारलास तर थेट बाद होशील.

आणि एका वेळी एकच बदल, तोही 4 ग्रॅमच्या आतला. प्रत्येक बदल तारखेसकट वहीत लिही आणि निदान आठवडाभर त्यावर खेळ. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाचा गुण आला ते कळणार नाही, आणि बिघडलं तर परत फिरायला वाट उरणार नाही.