लाकडी सज्ज्यास रंगतेल किती लागेल?

उभ्या पिकाची आणेवारी काढण्याच्या कामी ज्यांची उमर गेली, त्यांस नजरेच्या अंदाजाचा भरवसा किती, हे सांगावयास नको. बांधावरून डौलदार दिसलेले पीक मळणीस कमी उतरते. म्हणूनच पीककापणी प्रयोगाची रीत पडली : शेतातील लहानसा तुकडा आखावा, तेवढाच कापावा, दाणे तोलावे आणि त्यावरून उताऱ्याचा हिशेब बसवावा. महसूल खात्यात कारकुनी करीत असता हे कागद मी वर्षानुवर्षे लिहिले. परंतु स्वतःच्या घरी काम निघाले तेव्हा मात्र नजरेवरच विसंबलो. त्याचे फळ काय मिळाले ते प्रथम सांगतो.

आमचे घर थोरल्या बंधूंचे व माझे सामाईक आहे. माडीपुढे २० फूट लांब व ६ फूट रुंद असा सागवानी सज्जा आहे. एका वर्षी मे महिन्यात त्यास रंगतेल द्यावयाचे ठरले. रंगतेल म्हणजे लाकडात मुरणारे रंगीत तेल; दुकानदार त्यास वुडस्टेन म्हणतात. खर्च निम्मेनिम ठरला. स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर उतरून मी अडीच लिटर तेल घेऊन आलो. माझ्या बाजूचे दोन हात जेमतेम होतात तोच डबे रिकामे झाले. पुन्हा स्वारगेट गाठले. त्याच नावाचा, त्याच रंगाचा डबा आणला. पण तो निराळ्या घाण्याचा निघाला आणि बंधूंची बाजू काळपट उमटली. येणारा जाणारा विचारी, "वाटणी झाली काय?" बंधू काही बोलले नाहीत, मात्र सायंकाळी सज्ज्यात येऊन बसणे त्यांनी सोडले.

चूक कोठे झाली? मी फक्त जमीन मोजली, आणि लाकडास तहान किती आहे हे विचारलेच नाही. या दोन चुका टाळण्याची रीत येणेप्रमाणे :

पहिली गोष्ट, मोजणी. तेल लागणारी प्रत्येक बाजू मोजावी. आमच्या सज्ज्याची जमीन १२० चौरस फूट. ६ इंच रुंद व १ इंच जाड अशा १२ फळ्या. त्यांमध्ये फटी असल्याने दोन्ही कडांस तेल लागते, ते ४० चौरस फूट. कठडा तीन बाजूंनी मिळून ३२ फूट. त्यास दर ६ इंचांवर एक याप्रमाणे ६४ गज. गज २ इंच चौरस व ३ फूट उंच, म्हणून प्रत्येकी २ चौरस फूट, एकूण १२८. वरची हातपट्टी ४ इंच रुंद व ३ इंच जाड, तिचे सुमारे ३७. एकंदर ३२५ चौरस फूट, म्हणजे सव्वातीन ब्रास. कठडा जमिनीपेक्षा अधिक भरला, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. सज्ज्याची खालची बाजू उघडी असल्यास तीही मिळवावी. आमची छताने झाकलेली असल्याने सोडली. नक्षीकाम असेल तर सपाट मापावर विसंबू नये. पुण्यात १८०७ सालचा विश्रामबागवाडा आहे. त्याच्या दर्शनी भागाचे कोरीव लाकूड पाहिले की खोबणी व उठाव मिळून पृष्ठभाग किती वाढतो ते कळते.

दुसरी गोष्ट, तहान. रंग लाकडावर बसतो, रंगतेल लाकडात शिरते. सबब ते किती लागेल हे लाकूडच ठरविते. सागात मूळचेच तेल असल्याने तो कमी पितो. आंब्याची किंवा चिडाची फळी अधिक पिते. रंधलेल्या गुळगुळीत फळीपेक्षा करवतीची खरबरीत, उन्हाने सुकलेली जुनी फळी दुप्पटही पिईल. फळीचे कापलेले टोक तर सर्वांत अधिक पिते. येथे पीककापणीची युक्ती चालवावी. लाकूड घासून, झाडून, पुरते सुकवून घ्यावे. एका कोपऱ्यात २ फूट गुणिले अडीच फूट, म्हणजे ५ चौरस फुटांचा तुकडा खडूने आखावा. औषधाच्या मापाने १०० मिलिलिटर तेल वाटीत घ्यावे, तुकड्यास एक हात द्यावा व उरलेले पुन्हा मापावे. ४० उरले तर ६० मुरले, म्हणजे चौरस फुटास १२ मिलिलिटर. ३२५ फुटांस ३.९ लिटर झाले. दुसऱ्या हातास साधारण निम्मे, १.९५ लिटर. कुंचल्यात राहणारे व सांडणारे म्हणून दहावा हिस्सा मिळवावा. एकूण सुमारे साडेसहा लिटर. मी आणले होते अडीच! दोन जातींची लाकडे असल्यास प्रयोग निरनिराळा करावा.

तिसरी गोष्ट, खरेदी. नमुन्यापुरता लहान डबा आधी आणावा. बाकीचा माल हिशेबानंतर एकदमच घ्यावा व डब्यांवरील घाण्याचा क्रमांक एकच आहे हे पाहावे. कामास आरंभ करण्यापूर्वी सर्व डबे एका बादलीत मिसळावे, म्हणजे छटा सारखी येते. गुळटेकडीच्या यार्डात माल घालून परतणाऱ्या बंधूंस भवानी पेठेतील लाकूडबाजार जवळच पडतो. फळी बदलावयाची असल्यास तेथे लाकूडही पाहता येईल.

एक इशारा जरूर देतो. जवसाचे तेल असलेल्या रंगतेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकता सुकता त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात बुडवाव्या किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्या. कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नेऊ नयेत.

पुढील उन्हाळ्यात आम्ही सज्जा पॉलिशकागदाने घासून पुन्हा काढला. फितीचे एक टोक बंधूंनी धरले, दुसरे मी. आकडे त्यांनी सांगितले, लिहिले मी. तेल सव्वा वाटी उरले, ते तारीख घालून जपून ठेवले आहे. सज्जा एकाच रंगाचा झाला, आणि सायंकाळी तेथे पुन्हा दोन चटया पडतात.