उतरणारे विमान का उसळते?

सेसना १७२ हे लहान विमान शिकाऊ वैमानिकांच्या चांगल्या ओळखीचे. उतरताना त्याचा वेग ताशी सुमारे १२० कि. मी. असतो. समजा, शिकाऊ वैमानिकाने तो १३२ ठेवला. वेग १० टक्केच वाढला. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ती १.१ × १.१ = १.२१ पट, म्हणजे २१ टक्क्यांनी वाढली!

असे विमान लवकर टेकत नाही. घाईने नाक खाली दाबले, की पुढचे नाजूक चाक आधी आपटते. नाक वर फेकले जाते, पंखांचा समोरच्या हवेशी होणारा कोन वाढतो, वर उचलणारे बल वाढते आणि विमान उसळते. वैमानिक घाबरून पुन्हा नाक दाबतो. पण क्षणभर उशिरा. तोवर विमान खाली येऊ लागलेले असते. वेळ साधून ढकललेल्या झोपाळ्याप्रमाणे प्रत्येक उसळी वाढते. अखेर चाकाचा दांडा मोडू शकतो.

उपाय? उसळ्यांशी झुंजू नये. इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन वर जावे, फेरी मारून पुन्हा उतरावे.

आता तुम्ही सांगा : वेग २० टक्क्यांनी वाढला, तर ऊर्जा किती टक्क्यांनी वाढेल?