पित्याच्या कबरीपाशी मुलीचा निरोप

घरातून पित्याचा जनाजा उठतो तेव्हा मुलगी कोठे असते? जोगेश्वरी असो, कुर्ला असो वा मालवणी, दृश्य बहुधा सारखेच असते. पुरुष कलमा पढत जिना उतरतात, खांदे बदलत जनाजा गल्लीच्या टोकाशी पोहोचतो आणि मुलगी दारात उभी राहते. ज्या हातांनी तिने शेवटच्या आजारात औषध पाजले, त्या हातांना मूठभर माती देण्याचीही संधी मिळत नाही. पुढे कित्येक महिने तिच्या मनात प्रश्न घोळत राहतात. मी रडले ते पाप होते काय? मी कबरीवर जाऊ शकते काय? अब्बांसाठी आता मी काय करू शकते? घरातील वडीलधारी मंडळी पुष्कळदा ‘सब्र कर’ एवढे म्हणून विषय आटोपतात. शरीअतने मात्र या प्रश्नांची सविस्तर उत्तरे दिली आहेत. वाचकहो, ती आपण या पाठात पाहू.

हजरत फातिमा (र.) यांचा प्रश्न

हिजरी सन 11, म्हणजे इ.स. 632. रबीउल अव्वल महिन्यातील सोमवारी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या जगाचा निरोप घेतला. अखेरच्या वेदना पाहून कन्या हजरत फातिमा (र.) यांच्या तोंडून पित्यासाठी हळहळ बाहेर पडली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आजच्या दिवसानंतर तुझ्या पित्याला कोणतेही कष्ट नाहीत, असे सांगून त्यांचे सांत्वन केले. दफन आटोपल्यावर त्यांनी हजरत अनस (र.) यांना विचारले, की अल्लाहच्या प्रेषितांवर माती लोटायला तुमची मने तयार तरी कशी झाली?

सहीह बुखारीत हा प्रश्न नोंदलेला आहे, त्यावर अनस (र.) यांचे उत्तर मात्र तेथे नाही. दहा वर्षे प्रेषितांची सेवा केलेल्या त्या सहाबींना दफनाचा आदेश ठाऊक होता, तसा तो फातिमा (र.) यांनाही ठाऊक होता. हा प्रश्न शरीअतविषयी शंका नव्हता, ती एका लेकीची व्यथा होती. ज्यांच्या ईमानाविषयी कोणाला संशय नाही, त्यांच्या हृदयालाही पित्यावर पडणारी माती सहन झाली नाही. म्हणून आपल्या घरातील मुलगी असे काही बोलली, तर तिला लगेच फतवा ऐकवू नये. काही प्रश्न केवळ ऐकून घ्यायचे असतात.

अश्रू आणि आक्रोश

पुत्र इब्राहीम (र.) यांच्या मृत्यूसमयी प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहिले. डोळे रडतात, हृदय दुःखी होते, पण मुखातून पालनकर्त्याला आवडेल तेच निघावे, असा त्यांच्या त्या वेळच्या शिकवणीचा आशय आहे. आपल्या एका कन्येच्या दफनाच्या वेळी ते कबरीपाशी बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते, अशी साक्ष अनस (र.) देतात. तेव्हा रडणे हा सब्राचा भंग नव्हे. मनाई आहे ती गाल बडवण्याची, कपडे फाडण्याची आणि अज्ञानकाळातील आक्रोशाची.

शोकालाही सीमा आहे. पती वगळता इतर कोणाही मृतासाठी स्त्रीने तीन दिवसांहून अधिक साजशृंगार सोडू नये, असा आदेश आहे. पिता अबू सुफियान (र.) यांच्या निधनाची वार्ता आल्यावर हजरत उम्मे हबीबा (र.) यांनी तिसऱ्या दिवशी सुगंधी द्रव्य मागवून लावले. आपल्याला त्याची गरज नव्हती, हा आदेश पाळण्यासाठीच ते लावले, असे त्यांनी स्पष्ट केले. मर्यादा शोकाच्या बाह्य चिन्हांना आहे. मनातील दुःख तीन दिवसांत संपवा, असे कोणी सांगितलेले नाही. फातिमा (र.) पित्यानंतर केवळ सहा महिने हयात होत्या.

कब्रस्तानात जाणे

हजरत उम्मे अतिय्या (र.) सांगतात, की जनाजाच्या मागे जाण्यापासून आम्हा स्त्रियांना रोखले गेले, परंतु सक्तीने नाही. पुढे केव्हातरी कबरींची भेट घेण्याबाबत उलेमांत मतभेद आहेत. वारंवार जाणाऱ्या स्त्रियांविषयी तंबी देणारी हदीस आहे. तशीच पूर्वीची मनाई उठवून कबरींना भेट देण्याची परवानगी देणारीही आहे. कबरस्थांना सलाम कसा करावा, हे प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (र.) यांना शिकवले. त्यांनी आपल्या बंधूंच्या कबरीला भेटही दिली. कोकणी मुस्लिम घराण्यांत शाफिई मसलक आहे. त्यानुसार स्त्रियांनी जाणे सामान्यतः मकरूह आहे. अनेक हनफी विद्वानांच्या मते आक्रोश नसेल आणि हिजाबाची मर्यादा सांभाळली जाईल, तर मुभा आहे. आपल्या मसलकच्या आलिमाला विचारावे आणि भिन्न मतावर चालणाऱ्या बहिणीला गुन्हेगार ठरवू नये.

कबर उरली नाही तर?

मुंबईत हा प्रश्न नित्याचा आहे. जागा अपुरी असल्याने जुन्या कबरींच्या ठिकाणी नवे दफन होते. गायक मोहम्मद रफी यांचे 31 जुलै 1980 रोजी निधन झाले आणि जुहूच्या कब्रस्तानात दफन झाले. 2010 मध्ये नव्या दफनांसाठी तेथील ज्या कबरी हटवण्यात आल्या, त्यांत त्यांची व मधुबालाचीही कबर होती. जुना देह मातीत विलीन झाल्यावर तेथे दुसऱ्याचे दफन करणे फिकहमध्ये जायज आहे आणि कबर पक्की बांधण्यास तर हदीसमध्येच मनाई आहे. ओळखीची खूण गेली म्हणून लेकीचे मन तुटणे स्वाभाविक आहे. पण दुआला पत्ता लागत नाही.

मुलीच्या हाती काय आहे?

मृत्यूनंतर माणसाची कर्मे थांबतात; तीन उरतात: सदका-ए-जारिया, लाभदायक ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. या हदीसमधील ‘वलद’ या अरबी शब्दात मुलगा आणि मुलगी दोघेही येतात. पित्याच्या कबरीवर माती कोणी टाकली, यावरून दुआचा अधिकार ठरत नाही.

कर्जाचा विचार प्रथम करावा. तीन दीनारांचे कर्ज मागे ठेवणाऱ्याची जनाजाची नमाज पढवण्यास प्रेषित (स.) तयार नव्हते, अबू कतादा (र.) यांनी ते फेडण्याची हमी घेतल्यावरच त्यांनी ती पढवली. पित्याची देणी, राहिलेली जकात, नवस यांची चौकशी मुलगीही करू शकते. जुहैना कबिल्यातील एका स्त्रीला आपल्या मृत मातेच्या नवसाचा हज करण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) कर्जफेडीचे उदाहरण देऊन दिली.

आता एक गोष्ट भावांसाठी. सूरह निसाच्या 11 व्या आयतीत मुलीचा हिस्सा अल्लाहने स्वतः ठरवला आहे. चाळिसावे होण्याआधीच रडत्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवून सही घेतली जाते आणि तिला माहेर तुटण्याची भीती घातली जाते. दबावाखाली घेतलेली अशी संमती अल्लाहपाशी संमती ठरत नाही. पित्याचे खरे देणे येथेही आहे. त्याच्या लेकीचा वाटा तिला दिल्याशिवाय त्याला नीट निरोप दिला, असे म्हणता येणार नाही.

अल्लाह आपल्या दिवंगत माता-पित्यांची मगफिरत करो, त्यांच्या कबरी प्रकाशमान करो आणि त्यांच्या लेकींच्या दुआ कबूल करो. आमीन.